अण्णांनी आखलेली अलिबागची सहल

आमचे अण्णा रेल्वेत गार्ड होते. लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही राहत होतो: अण्णा, आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान बहीण. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून घाट उतरायचा, कर्जतला पोचायचं आणि दुसऱ्या गाडीबरोबर पुन्हा वर यायचं, हे अण्णांचं काम. घरी आले की त्यांचे हात ब्रेकच्या चाकाच्या वासाचे असायचे. आई त्यांना शिकेकाई लावून हात धुवायला लावायची, तरी तो वास जात नसे.

अण्णा मूळचे समुद्राकाठचे. अलिबागपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. वडील गेल्यावर चौदाव्या वर्षी चुलत्याबरोबर ते घाट चढून वर आले आणि रेल्वेत चिकटले. गावी आता फक्त त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, राहिली होती. तिचं सासर त्याच गावात. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं, "एकदा तरी बायकामुलांना घेऊन ये." आई तळेगावची. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अण्णा तिला म्हणाले होते, तुला समुद्र दाखवीन. मी चौथीत गेले तरी ते दाखवणं व्हायचं होतं.

त्या वर्षी श्रावणात अण्णांनी मनावर घेतलं. रेल्वेनं कुटुंबासाठी पास दिला होता आणि नाताळात शाळेला सुट्टी होती. एका रविवारी त्यांनी नवी वही आणली, पहिल्या पानावर श्रीकार काढला आणि खाली लिहिलं, "अलिबागचा प्रवास." मग त्यांची लाल-निळी पेन्सिल घेऊन ते चटईवर पालथे पडले. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना पालथ्या.

पहिल्या बेतात अकरा ठिकाणं होती. लोहगडापासून सुरुवात, मग घाट उतरून पेण, अलिबाग, तिथला पाण्यातला किल्ला, चौल, रेवदंडा, कोर्लई आणि आणखी काय काय. अण्णा सांगायचे, जुन्या काळी चौलच्या बंदरात जहाजांतून माल उतरायचा, तो बैलांच्या पाठीवर बोरघाटानं वर यायचा, आणि लोहगड त्या वाटेवर पहारा करायचा. "म्हणजे बघ," ते मला म्हणायचे, "हजार वर्षं माणसं याच घाटातून चढतायत, उतरतायत. मी काही निराळं करत नाही."

आई भाजी निवडता निवडता ऐकायची. लोहगडाचं नाव आलं तशी म्हणाली, "लोहगड कशाला? तो मळवलीच्या रस्त्यावरून रोज दिसतो."

"दिसतो, पण पाहिलाय का?"

"पाच दिवसांत अकरा ठिकाणं. या धाकटीला मोटारीत ओकाऱ्या होतात. हिला घेऊन मी किती किल्ले चढू?"

अण्णांनी लोहगडावर लाल रेघ मारली. पुढच्या रविवारी कोर्लई गेली, त्याच्या पुढच्या रविवारी चौल. अण्णा प्रत्येक रेघ मारताना तोंडानं चुकचुकायचे. गणपती येऊन गेले तेव्हा वहीत चारच गोष्टी उरल्या होत्या: आगगाडी, मोटार, आत्याचं घर आणि पाण्यातला किल्ला.

त्या किल्ल्यासाठी अण्णांनी मला भरती-ओहोटीचं गणित शिकवलं. भरतीला किल्ल्याभोवती पाणी असतं, ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं. "तिथीची पाऊणपट करायची," ते म्हणाले. "जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. त्याच्यापुढं सहा तासांनी ओहोटी. सांग, द्वादशीला?"

"बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती. तीन वाजता ओहोटी."

"शाबास." आणि त्यांनी वहीत लिहिलं, "द्वादशी, दुपारी तीन, किल्ला." निघायचं मार्गशीर्षातल्या एकादशीला, असं त्यावरून ठरलं. आई म्हणाली, बरं झालं, माझा उपास, तेवढीच शिदोरी कमी.

या बेतात पाचवा माणूस होता तो आबा. आबा मळवलीचे शेतकरी. लोणावळ्याच्या बाजाराला आले की आमच्याकडं तांदूळ टाकून जायचे आणि ओट्यावर बसून चहा घ्यायचे. साठीच्या पुढचे, अंगानं काटक, खांद्यावर बारा महिने घोंगडी. अण्णांचा प्रवास त्यांना तोंडपाठ झाला होता. त्यातली एक गोष्ट मात्र त्यांना कधी पटली नाही. लोणावळ्याहून खोपोलीला जायला अण्णांनी आगगाडीनं कर्जत आणि तिथून गाडी बदलून खोपोली असं लिहिलं होतं.

"गार्डसायेब, खोपुली तर खंडाळ्याच्या कड्यावरनं खाली दिसती," आबा म्हणायचे. "तिला एवडा वळसा कशापायी?"

"रूळ तसेच आहेत, आबा. त्याला मी काय करू?"

"पायवाट हाय की. आमचा आजा त्याच वाटंनं मीठ आनायचा बैलांवर. मी बी गेलतो खोपुलीपातुर. फुडं न्हाई गेलो."

"समुद्र नाही पाहिला मग?"

"न्हाई वो. समिंदर कुटं, आमी कुटं."

नाताळ जवळ आला. आईनं वळकटीची दोरी बदलली, ट्रंक पुसली, फिरकीचा तांब्या चिंचेनं घासला. धाकटीसाठी आवळासुपारीची पुडी बांधली. अण्णांचा रजेचा अर्ज मंजूर होऊन आला होता, तो त्यांनी वहीतच ठेवला होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा ड्यूटीवरून आले आणि कोट न काढताच उंबऱ्यावर बसले. त्यांच्याबरोबरचे एक गार्ड विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. नाताळची गर्दी, जादा गाड्या, आणि घाट माहीत असलेला दुसरा माणूस मिळत नव्हता. साहेबांनी सक्ती केली नव्हती. अण्णांनी आपण होऊन सांगितलं होतं की मी थांबतो.

"तो माझ्यासाठी दोनदा थांबलाय," ते आईला म्हणाले. "ही झाली तेव्हा, आणि मला ताप आला होता तेव्हा."

"थांबायलाच हवं," आई म्हणाली. ती परातीत दशम्या थापत होती. तिचा हात थांबला नाही.

अण्णांनी वही कोनाड्यात ठेवली. "पुढच्या वर्षी जाऊ."

आईनं दशमी तव्यावर टाकली, उलटली, काढली. मग म्हणाली, "आम्ही जातो."

"कोण आम्ही?"

"मी आणि पोरी. ती वही द्या इकडं."

"तुला वाचता कुठं येतं?"

"हिला येतं ना." आईनं पिठाच्या हातानं माझ्याकडं बोट केलं. "ही वाचेल, मी करीन. तुम्ही चार महिने लिहिलंय ते काय कोनाड्यात ठेवायला?"

आई तोवर एकटीनं तळेगावच्या पलीकडं गेली नव्हती. पुण्यालासुद्धा मामा न्यायला यायचे. मी घाबरले होते, आणि मला वाटतं, अण्णाही. ते काही बोलणार एवढ्यात आबा ओट्यावर आले. आत्याकडं न्यायला म्हणून अण्णांनी त्यांच्याकडून आंबेमोहोर मागवला होता, ती पिशवी घेऊन. झालेला प्रकार ऐकून त्यांनी पिशवी खाली ठेवली, पागोटं काढून डोकं खाजवलं.

"वैनी एकल्या जात्यात व्हय? मग मी येतो संगं."

"आबा, तुमची कामं..."

"कसली कामं? झोडपनी झाली, भात कनगीत गेलं. आता मानूस मोकळा हाय."

"पण पासावर तुमचं नाव नाही," अण्णा म्हणाले.

"मला पास कशाला? मी पायवाटंनं उतरतो. खोपुलीला मोटारीच्या अड्ड्यावर गावतो."

त्या संध्याकाळी अण्णांनी वही पुन्हा उघडली. बेतात जिथं जिथं 'मी' होतं तिथं त्यांनी बदल केले. 'मी हमाल ठरवीन' होतं, तिथं 'हमालाला आधी डबा दाखवावा' झालं. 'मी मोटारवाल्याशी बोलेन' होतं, तिथं 'पुढची जागा मागावी, धाकटीला मागे त्रास होईल' झालं. शेवटी माझ्यासाठी आणखी एक ओळ लिहिली, "वाचताना सावकाश वाच. आईला घाई करू नकोस." ती वही माझ्याजवळ अजून आहे. तेव्हा मी त्या ओळीकडं फारसं पाहिलं नाही. आता वही उघडली की तीच आधी दिसते.

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. घाटात धाकटी बोगदे मोजत होती आणि प्रत्येक बोगद्यानंतर आकडा चुकत होती. कर्जतला मी वाचलं, "इथे उतरून पुलावरून पलीकडे." आई ट्रंकेवर हात ठेवून हमालाशी अशी बोलली, जणू वर्षानुवर्षं तिथूनच गाड्या बदलत आलीय. खोपोलीला उतरून मोटारीच्या अड्ड्यावर गेलो तर आबा आमच्या आधी येऊन, भाकरी खाऊन, घोंगडीवर बसले होते.

"कवाचा बसलोय," ते म्हणाले. "तुमची गाडी लय फिरली वाटतं."

आई इतकी हसली की तिला ट्रंकेवर बसावं लागलं.

अण्णांच्या वहीप्रमाणं आम्हाला दुपारी बाराच्या आत धरमतरच्या खाडीवर पोचायचं होतं. तिथून होडीनं पलीकडं, आणि पलीकडं अलिबागची मोटार. पण पेणच्या पुढं आमच्या मोटारीचं चाक बसलं. ते काढून, चिकटवून, पुन्हा बसवेपर्यंत अडीच वाजले. खाडीवर आलो तेव्हा पाणी दूर गेलं होतं आणि होडी चिखलात कलंडून बसली होती. होडीवाला म्हणाला, पाणी यायला संध्याकाळ होईल, आणि तेव्हा पलीकडं मोटार नसेल.

मी वही चाळली. यापुढं काय करायचं ते अण्णांनी लिहिलेलं नव्हतं.

आईनं माझ्या हातातून वही घेतली आणि मिटली. मग होडीवाल्याला विचारलं, "दादा, तुमचं घर इथंच का?"

त्याचं घर तिथंच होतं, बांधाच्या पलीकडं. आगरी माणसं. थोडी भातशेती आणि थोडं मिठागर. त्याच्या बायकोनं काही विचारलं नाही. अंगणात पाणी ठेवलं, धाकटीला पडवीत चटईवर निजवलं. आईला उपास आहे कळल्यावर तिनं शेजारून नवं मडकं मागून आणलं आणि त्यात रताळी उकडून दिली. आईच्या मनात काय चाललं असेल मला माहीत नाही; आमच्या घरी सोवळ्याओवळ्याचं बरंच होतं. पण तिनं रताळं सोललं, पहिला तुकडा तोंडात टाकला आणि त्या बाईला म्हणाली, "फार गोड आहे हो." पुढं कितीतरी एकादशींना रताळी शिजली की आई त्या बाईची आठवण काढायची. नाव विचारायचं राहिलं म्हणून हळहळायची.

आबा होडीवाल्याबरोबर मिठागर पाहून आले. गेल्या साली काढलेल्या मिठाचे ढीग पेंढ्यानं शाकारून ठेवले होते. दोघांची भाषा निराळी, पण भात कधी पेरता, लावणी कधी, कोळंबा जातीचं पीक कसं येतं, असं बोलत ते संध्याकाळपर्यंत बांधावर बसले होते. "खारं पानी भातात शिरू नये म्हून बांध घालत्यात वैनी, दर साली," आबा येऊन सांगू लागले. "आमाला निदान पानी तरी गोड हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला होडीनं आम्हाला पलीकडं सोडलं आणि दुपारच्या जेवणाला आम्ही आत्याच्या दारात उभे होतो. आत्यानं आधी आमच्या मागं पाहिलं, अण्णांसाठी. आईनं तिला सगळं सांगितलं. आत्या आईला जवळ घेऊन म्हणाली, "तू आलीस. तो आल्यासारखाच आहे."

किल्ला त्या दिवशी झाला नाही, धाकटी मोटारीनं गळून गेली होती. तो त्रयोदशीला ठरला. आत्याच्या ओळखीच्या गाडीवानानं बैलगाडी जुंपली, आत्याही आमच्याबरोबर बसली, आणि निघता निघता तो म्हणाला, "पाणी कधी उतरेल ते बघून जायला हवं."

"पावणेचार," मी म्हणाले. "त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. त्यात सहा तास मिळवायचे."

त्यानं बैलांवरून माझ्याकडं वळून पाहिलं. "कुठली गं तू?"

"लोणावळ्याची."

"लोणावळ्यात कुठलं आलं पाणी?"

"हिच्या वडिलांनी शिकवलंय," आई म्हणाली. "ते इथलेच." ती वाक्य संपवून ताठ बसली. तिला इतकं ताठ बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि समोर समुद्र आला. मी आईकडं पाहत होते, कारण अण्णांनी घरून निघताना मला कानात सांगितलं होतं की आईचा चेहरा बघून ठेव आणि मला सांग. पण सांगण्यासारखं काही दिसेना. आई पाहत राहिली, पाहत राहिली. मग आत्याला विचारलं, "हे रोज असं येतं नि जातं?"

"रोज. दोनदा."

"आणि हे सोडून हे घाटात आले," आई म्हणाली. "चौदा वर्षांचे होते."

तिनं काष्टा वर खोचला आणि चालू लागली. ओल्या वाळूत तिची पावलं खोल उमटत होती. मध्ये एका जागी अजून घोट्याएवढं पाणी होतं. आबांनी धाकटीला खांद्यावर घेतलं. पलीकडं गेल्यावर त्यांनी वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. "आरं तिच्या! खरंच खारं हाय की!" गाडीवान पोट धरून हसला. आबाही हसले. पुन्हा एकदा वाकून त्यांनी तेच पाणी डोळ्यांना लावलं.

किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, तिथं आईनं अण्णांच्या नावानं नारळ दिला. मग तटावर जाऊन बसली. पाणी परत फिरायच्या आत निघायला हवं होतं, पण तिला उठवायला कुणी धजेना. शेवटी आत्याच म्हणाली, "चल गं, नाहीतर इथंच राहावं लागेल." आई म्हणाली, "चालेल की."

आणखी दोन दिवस आम्ही आत्याकडं राहिलो. आत्यानं आईला अण्णा पोहायला शिकले ती विहीर दाखवली, ज्या शाळेत त्यांनी मार खाल्ला ती शाळा दाखवली. त्यांच्या आईचं तुळशीवृंदावन दाखवलं. येताना सगळं वहीप्रमाणं झालं. आबा खोपोलीहून पुन्हा पायवाटेनं घाट चढून गेले.

लोणावळ्याला गाडी थांबली तेव्हा अण्णा फलाटावरच होते, पण हिरवं निशाण हातात घेऊन. त्यांची मालगाडी सुटायची होती. आम्हाला त्यांच्याशी चार वाक्यंही बोलता आली नाहीत. समुद्र त्यांनी आठवडाभर तुकड्यातुकड्यानं ऐकला: जेवताना थोडा, बूट घालताना थोडा, आई पाठीला तेल लावत असताना थोडा. प्रत्येक वेळी विचारायचे, "मग? मग?" विहिरीचं ऐकल्यावर मात्र उठून बाहेर ओट्यावर गेले. आई थोड्या वेळानं त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली आणि तीही तिथंच बसली.

त्यांचे आजारी सोबती फाल्गुनात बरे होऊन कामावर आले. पहिल्या दिवशी बायकोला घेऊन ते आमच्याकडं आले आणि आईच्या पाया पडू लागले. आई मागं सरकली. "अहो, मी तर मजेत समुद्रावर होते," ती म्हणाली.

मे महिन्यात अण्णांनी पुन्हा वही काढली. आईनं ती त्यांच्या हातातून घेतली. "या वेळी मी ठरवते," ती म्हणाली. "एका दिवसात होईल असं. तुम्हाला सुट्टी मिळेल तेवढंच. पण चौघांनी."

तिनं कार्ले ठरवलं. घरापासून एकच स्टेशन आणि पुढं तासभर चालणं. अण्णांनी तो डोंगर गाडीतून कितीदा पाहिला होता, पण वर गेले नव्हते. आम्ही पहिल्या गाडीनं मळवलीला उतरलो, आबांच्या घरी त्यांच्या मालकिणीनं पिठलं-भाकरी बांधून दिली, आणि ऊन चढायच्या आत पायऱ्या चढून एकवीरेचं दर्शन घेतलं. मग लेण्यात शिरलो. आत इतकं गार होतं की धाकटी दगडाला गाल लावून उभी राहिली. अण्णा खांबांवरच्या हत्तींविषयी, लाकडी कमानींविषयी काहीतरी सांगू लागले. सांगता सांगता भिंतीला टेकून बसले. मग पाय पसरले. मग त्यांचा आवाज थांबला.

"अण्णा झोपले," धाकटी म्हणाली. ती त्यांना हलवायला निघाली, तशी आईनं तिला मांडीवर ओढलं.

"झोपू दे."

आम्ही तिघींनी भाकरी काढल्या, आवाज न करता खाल्ल्या, आणि त्यांच्या वाटणीच्या फडक्यात बांधून ठेवल्या.